लफबरा एक, रिटर्न

इंग्लंडात लेस्टरला राहायला आलो आणि माझं इंग्रजी बिघडलं. तोवर ठणठणीत होतं. पाचवीपासून छड्या खाऊन कमावलेलं, एकेक स्पेलिंग घोकलेलं. इथे गावाच्या पाटीनेच पहिला दणका दिला. पाटीवर ‘लेइसेस्टर’, तोंडात लेस्टर. मधली अक्षरं नुसती शोभेला.

शेजारच्या गावाला जायचं म्हणून तिकीट खिडकीवर गेलो. नाव पाटीवर दिसतं तसं, स्वच्छ, सुटं सुटं उच्चारलं, ‘लोउघबोरोउघ.’ खिडकीतल्या माणसाने चष्मा वर सरकवला, मान तिरकी केली. ‘सॉरी?’ मी पुन्हा म्हणालो. त्याने पुन्हा सॉरी. मागे ही रांग, पण एकाच्या तोंडून ‘च्च’ निघेल तर शपथ! शेवटी पाठीमागच्या आजीबाई हळूच पुटपुटल्या, ‘लफबरा, मी डक.’

लेस्टरकडे समोरच्याला लाडाने असं, म्हणजे ‘माझ्या बदका’, म्हणतात हे पुढे कळलं. त्या क्षणी मात्र, या बाई स्वतःला बदक का म्हणवून घेतायत, अशा विचारात मी तिकीट खिशात टाकलं.

खापर छापखान्यावर फोडायची सोय आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. पुढे स्पेलिंगं हळूहळू खिळ्यांत अडकली, आणि उच्चार मात्र सुटले ते सुटलेच. ‘नाइट’मधला ‘जीएच’ एके काळी खरोखर घशातून, आपल्या ‘ख’च्या आसपास, म्हणत असत. आता माणसं तो म्हणत नाहीत आणि मुलांचे मार्क मात्र कापतात.

जवळच्या बेल्व्हॉयर किल्ल्याची तऱ्हा आणखी न्यारी. १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर हे फ्रेंच नाव आलं, गावकऱ्यांची जीभ काही वळेना, त्यांनी सरळ ‘बीव्हर’ करून टाकलं. पाटी अजून फ्रेंचच. आमच्या शीवचं सायन केलं म्हणून माझा या मंडळींवर जुना राग होता. घरच्यांनाही सोडलेलं नाही म्हटल्यावर जरा निवळला.

बरं, बोलतातही स्पेलिंगसारखंच. निम्मं वाक्य मुकं. परवा शेजारीण कुंपणापाशी आली. आधी ढगांवर बोलली, मग वाऱ्यावर, मग म्हणाली, ‘चूक माझीच असेल हं, पण तुमची कचऱ्याची बादली... म्हणजे तशी काही घाई नाही.’ पुण्यात याची पाटी लागली असती, खाली ‘अपमान होईल’सकट. मी हसून मान डोलावली. बायको तोवर बादली ओढत निघाली होती.

‘अगं, घाई नाही म्हणाली ना ती!’

‘अहो, भयंकर चिडलीय ती.’

बायकोला हे बरोबर कळतं. चार जावांत राहिलेली आहे. ‘कधीतरी चहाला या’ एवढं एक वाक्य मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझं लहानपण सदाशिव पेठेत गेलं.

बादलीची भरपाई म्हणून तिने शेजारी भाकरी आणि मिरचीचा ठेचा नेला. शेजारणीने घास घेतला. नाक लाल, डोळे भरलेले, तरी आवाज गोड, ‘व्हेरी इंटरेस्टिंग!’ नवरा काही बोलला नाही, भाकरीच्या तुकड्याने वाटी पुसत बसला होता. निघताना म्हणाला, ‘नॉट बॅड.’

दुसऱ्या दिवशी बायकोने मोठा डबा भरला आणि, शेजारीण कामावर गेलीय याची खिडकीतून खात्री करून, मला पिटाळलं.