सांबाराची पिशवी

परवा रविवारी इडलीचं पार्सल आणायला स्टीलचा दोन पुडांचा डबा घेऊन गेले. काउंटरवरच्या अण्णांनी आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, थैली में अच्छा पॅक होता है." मागे पोऱ्या भराभर पिशव्या भरत होता. वाफाळतं सांबार, वर तेलाचा तवंग, तोंडाला पीळ, दोऱ्याचे चार वेढे. पिशवी गरम होऊन मऊ पडलेली, लोंबतेय.

घरी मला 'प्लॅस्टिकवाली बाई' म्हणतात. म्हणू देत.

आपला प्लॅस्टिकवरचा राग गटारापुरताच. २६ जुलै २००५ ला पाणी तुंबलं तेव्हा पिशव्या आठवल्या, २०१८ ला राज्यात बंदी आली (ती कुठे गेली ते विचारू नका). पण कचऱ्यात जायच्या आधी पिशवी आपल्या जेवणात काय सोडते, यावर चकार शब्द नाही. सांबाराची पिशवी बहुतेक पॉलिथिनची असते, तिच्यात बीपीए (बिस्फेनॉल ए, कडक प्लॅस्टिक बनवायचं रसायन) नसतं, हे खरं. पण त्या मालात आणखी काय काय मिसळलंय, ते ना अण्णांना ठाऊक ना मला.

पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक मऊ करायला थॅलेट्स ही रसायनं घालतात. ती प्लॅस्टिकला घट्ट जोडलेली नसतात. तेल आणि उष्णता मिळाली की सुटतात आणि पुरुष हार्मोनच्या कामात खोडा घालतात. बीपीएची तऱ्हा वेगळी, ते इस्ट्रोजेन या स्त्री हार्मोनची नक्कल करतं. आणि हे १९३६ सालीच इंग्लंडमध्ये दिसलं होतं! त्याच्यापासून कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेट बनायला लागलं ते नंतर. म्हणजे माहीत असून.

१९९८ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या स्त्रीबीजांत अचानक गुणसूत्रांचा घोळ दिसू लागला. कारण काय निघालं? पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून भलत्याच जहाल साबणाने धुतले होते, त्यातून बीपीए सुटलं. उंदराचं ते माणसाचं असं नाही, मान्य. पण २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने बीपीएची रोजची मर्यादा एकदम २०,००० पटींनी खाली आणली, ती उगीच नाही.

आमच्या ऑफिसात वीस लिटरचे निळे जार येतात. असे जार बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटचेच. टेम्पोत उन्हात तापलेले, घासून घासून ओरखडे पडलेले. गेल्या आठवड्यात सातव्या महिन्यातली सहकारी त्यातूनच बाटली भरून घेत होती. बाळाच्या दुधाच्या बाटलीत बीपीए नको, असा नियम आपल्याकडे २०१५ पासून आहे. बाळ पोटात असतं, हार्मोन्सच्या इशाऱ्यावर त्याचे अवयव घडत असतात, तेव्हाच्या पाण्याचं काय? तिला काही बोलले नाही. या दिवसांत बायकांना घाबरवणारे कमी का असतात? जारवाल्याला मात्र फोन केला. तो म्हणाला, "ताई, सगळीकडे हेच जातात."

'बीपीए फ्री'च्या स्टिकरवर माझा फारसा विश्वास नाही, कारण त्याच्या जागी बरेचदा त्याचाच भाऊ बीपीएस येतो. बरी गोष्ट एकच. बीपीए शरीरात साठून राहत नाही, साधारण दिवसाभरात लघवीवाटे निघून जातं. आपण रोज नव्याने भरतो, म्हणून ते असतं.

तर, सांबार डब्यातच घेतलं. घरी येऊन बघते तो चटणी पिशवीत बांधून वर ठेवलेली, दोऱ्याचे चार वेढे. गार होती, चालवून घेतली.