एक आठवडा थांबता येत नव्हतं?

काल सकाळी साडेआठला सोसायटीच्या आवारात छाटणीच्या मशीनचा आवाज आला. गॅसवरचं दूध तसंच टाकून मी मागच्या दाराने धावले, तोवर कुंतीच्या झुडपांचं कुंपण गुडघ्याएवढं झालं होतं. घरटं फरशीवर पडलेलं. त्यात बुलबुलाची तीन पिल्लं होती. दोन जागीच गेली होती, तिसरं माझ्या ओंजळीत वीसेक मिनिटं धडधडत राहिलं. डोळे नुकते किलकिले व्हायला लागले होते, पंखांवर पिसांच्या काळ्या काड्या फुटत होत्या. मान सावरत नव्हती, तरी माझं बोट जवळ गेलं की चोच वासायचं. मग तेही गेलं.

आणि हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः आठ दिवस आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना तिथे नेऊन, फांदी हलकेच बाजूला करून घरटं दाखवलं होतं. "हो हो ताई, बघतो" म्हणाले. मी तारखा सांगितल्या होत्या. लालबुड्या बुलबुलाची अंडी साधारण 14 दिवस उबवावी लागतात, आणि त्यानंतर साधारण 12 दिवसांत पिल्लं घरटं सोडतात. काल पिल्लांना पाचवा दिवस होता. एक आठवडा! एवढंच मागत होते मी. वर्षभर त्या कुंपणाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि नेमका हाच आठवडा सापडला.

कारण काय, तर पावसाळ्याआधीची छाटणी. मोठ्या झाडांची छाटणी मला समजते. ठाण्यात दरवर्षी पहिल्या वादळी पावसात फांद्या पडतात, गाड्या चेपतात, माणसं जखमी होतात. वाकलेली, धोक्याची फांदी रीतसर परवानगी घेऊन काढा, माझं काहीच म्हणणं नाही. पण चार फुटांची कुंती कुणाच्या डोक्यावर पडणार होती? "ठेकेदाराची तारीख ठरलेली होती," हे उत्तर मिळालं. आणि वर हे: "पक्षीच ते, दुसरीकडे करतील घरटं."

कुठे करतील? मला जागा दाखवा. घोडबंदर रोडच्या या पट्ट्यात, मागे येऊरचा डोंगर दिसतो म्हणून फ्लॅटला चार पैसे जास्त मोजलेत सगळ्यांनी. आणि आवारात काय ठेवलंय? लॉन आणि पाम. आमच्या पामवर ना फळ, ना आडोसा, ना सुरवंट. पाच वर्षांपूर्वी कोपऱ्यात बोगनवेलीची जाळी होती, ती "जंगल वाटतं" म्हणून उपटली. गुलमोहराची एक वाळकी फांदी होती, तिच्यात तांबट पक्ष्याने घरट्यासाठी भोक कोरलं होतं. उन्हाळाभर त्याची टुकटुक ऐकू यायची. तांबटाला वाळकं, मऊ झालेलंच लाकूड लागतं, हिरव्या फांदीत त्याची चोच चालत नाही. ती फांदी "वाईट दिसते" म्हणून कापली. त्यानंतर टुकटुक ऐकायला मला गेटबाहेर जावं लागतं. दयाळ पक्ष्यालाही ढोलीच लागते. ती आता कुठल्या झाडात उरलीय?

माझा संताप-संताप होण्याचं खरं कारण वेगळंच आहे. ही सगळी मंडळी स्वतःला पक्षीप्रेमी म्हणवतात. 20 मार्चला चिमणी दिन झाला. कमिटीने प्रत्येक घराला एक प्लास्टिकचा दाण्याचा डबा वाटला, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. त्या डब्यांत बाजरी भरली आणि ती खाल्ली कुणी? कबुतरांनी. बुलबुल बाजरीला तोंड लावत नाही हो! त्याला फळं लागतात, किडे लागतात. शिंजीर पक्षी फुलांतला मध पितो आणि कोळी, किडे टिपतो. शिंपी पक्षी किडे खातो. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना भरवताना अळ्या आणते, कारण पिसं आणि हाडं त्यावर वाढतात. आणि आपण काय करतो? दर पंधरा दिवसांनी आवारात औषधाचा धूर सोडतो, लिंबावर अळी दिसली की फवारा मारतो, जिन्यातलं जळमट दिसलं की झाडू फिरवतो. शिंजिराच्या मादीचं ते लोंबतं, पिशवीसारखं घरटं कोळ्याच्या जाळ्यानेच बांधलेलं असतं. जाळं नसेल तर ती कशाने बांधणार?

पाचव्या मजल्यावरच्या काकू रोज सकाळी ग्रिलमधून दोन मुठी ज्वारी खाली टाकतात. श्रद्धेने टाकतात, त्यांच्याबद्दल मनात राग धरवत नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. कबुतर मूळचं कड्याकपारीतलं. आपल्या इमारतींच्या कडा, एसीचे खाचे हे त्याला आयते कडे आहेत. वरून बारा महिने दाणा मिळतो, म्हणून ते बारा महिने अंडी घालतं. खाली मी पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या परळाभोवती चाळीस-चाळीस कबुतरं उतरतात, मग दयाळ जवळ येत नाही, बुलबुल येत नाही. विष्ठेच्या धुळीने माणसांची फुप्फुसं बिघडतात, ते वेगळंच. 2025 मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, लोक रस्त्यावर उतरले. कबुतराला दाणा मिळावा म्हणून एवढी माणसं उतरली. घरटं असलेल्या झुडपासाठी कालच्या गर्दीत माझ्याशिवाय कुणी तोंड उघडलं नाही.

माझ्या तळमजल्याच्या मागे जेमतेम दीड खाटेएवढी जागा आहे. एक लिंबू, एक कढीपत्ता, लाल जास्वंद, हमेलियाचं झुडूप. बस्स. कढीपत्त्याची काळी फळं पिकली की बुलबुल जोडीने येतात. लिंबाची पानं फुलपाखरांच्या अळ्यांनी कुरतडलेली असतात, ती मी तशीच ठेवते, त्यातल्या निम्म्या अळ्या पक्षी नेतात. मातीच्या परळात दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड, म्हणजे लहान पक्ष्यालाही पाय टेकता येतात. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलते, परळ घासते, म्हणून डास होत नाहीत. डेंग्यूचं कारण पुढे करून कमिटीने दोनदा माझं परळ उचलून नेलं आहे. गच्चीवरच्या टाकीचं झाकण मात्र चार महिने तुटकं होतं.

कायद्याचंही मी सांगितलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्यांना धक्का लावणं येतं. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, कुंपणाला कुठे आलाय कायदा?" कुंपणाचं मी बोलतच नव्हते. कुंपणात जे होतं त्याचं बोलत होते.

माळीदादा मात्र मान खाली घालून उभे होते. "ताई, मला सांगितलं असतं तर तेवढा तुकडा सोडून पुढे गेलो असतो," म्हणाले. खरं आहे. हाताने छाटणारा माणूस फांदी बाजूला करतो, घरटं त्याला दिसतं. मशीनला दिसत नाही. पण मशीनने काम अर्ध्या दिवसात उरकतं, बिल कमी होतं. ज्यांना मी सांगितलं त्यांनी माळीदादांना सांगितलंच नाही.

काल दिवसभर ती बुलबुलाची जोडी येत होती. चोचीत हिरवी अळी धरून छाटलेल्या खुंटांवर बसायची, इकडून तिकडे उड्या मारायची, खाली वाकून बघायची, ओरडायची. अळी तशीच चोचीत. संध्याकाळी साडेसहापर्यंत चाललं होतं. आज सकाळी सहाला परत आली, पुन्हा अळी घेऊन. मला दार उघडून बाहेर जाववेना.

उद्या मशीन पुन्हा येणार आहे, आमच्या विंगच्या मागच्या बाजूला. म्हणजे माझ्या लिंबापर्यंत. लिंबाची दोन पानं शिंप्याने शिवून घेतली आहेत, आत कापूस भरलाय, कालपासून मादी बसून आहे. सेक्रेटरींना लेखी दिलंय आणि पोच घेतली आहे. माळीदादांना स्वतः जाऊन सांगितलंय. तरी उद्या सकाळी आठपासून मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसणार आहे. ज्या कुणाला बोलायचं असेल त्यांनी तिथे यावं.