डोंगरातली मॅरेथॉन लहानच राहू द्या

डोंगरातली फुल मॅरेथॉन धावून आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "टायमिंग किती?" आकडा सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते, कारण सपाट रस्त्यावरच्या वेळेपेक्षा तो बराच जास्त असतो. मग दुसरा प्रश्न येतो, "आणि एवढीच माणसं होती?" या दोन्ही प्रश्नांबद्दल मला मनापासून बोलायचंय. दुसऱ्याबद्दल जास्त. चांगली चाललेली छोटी डोंगरी शर्यत दिसली की तिला 'मोठी' करायची घाई सगळ्यांनाच होते. ती घाई मला अजिबात पटत नाही.

आधी वेळेचं उरकते. अंतर तेच असतं, ४२.१९५ किलोमीटर. पण रस्त्यावरच्या मॅरेथॉनचा विक्रम मान्य व्हायचा तरी मार्गाची उंची तपासतात. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतली घट किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नको, आणि ही दोन ठिकाणं सरळ रेषेत शर्यतीच्या निम्म्या अंतराहून लांब नकोत. बोस्टनचा मार्ग या अटींत बसत नाही, म्हणून तर २०११ साली तिथे केनियाचे जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत धावले, तोवर इतक्या कमी वेळात कुणीच मॅरेथॉन पूर्ण केली नव्हती, तरी जागतिक विक्रम त्यांच्या नावावर लागला नाही. रस्त्यावर इतकी काटेकोर मोजणी असताना, हजार-दीड हजार मीटर चढून आलेल्या माणसाची वेळ सपाटीवरच्या वेळेशेजारी ठेवायचीच कशाला?

डोंगराचा हिशेब वेगळा आहे, आणि तो जुना आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी ढोबळ नियम सांगितला होता. तासाला तीन मैल धरा आणि दर दोन हजार फूट चढाईला वर एक तास द्या. हल्ली ट्रेल रनिंगवाले, म्हणजे डोंगरवाटांवर धावणारे, शंभर मीटर चढ म्हणजे एक किलोमीटर असं धरतात. म्हणजे दीड हजार मीटर चढ असलेली मॅरेथॉन अंगावर सत्तावन्न किलोमीटरची पडते. हा हिशेब डोक्यात बसला की घड्याळाकडे बघून जीव कासावीस होणं थांबतं. माझं तर थांबलंच.

चढावर चालण्याबद्दलही एकदा स्पष्ट बोलायला हवं. रस्त्यावरून आलेले बरेच रनर चढावर चालायला लाजतात. शेजारून कुणी गेलं की पुन्हा चार पावलं पळतात, धाप लागते, पुन्हा थांबतात. इटालियन संशोधक अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलला टोकाचे चढ-उतार देऊन धावायला-चालायला किती ऊर्जा लागते ते मोजलं होतं. ते काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. ४५ टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पंचेचाळीस मीटर वर, तेवढंच अंतर कापायला सपाटीच्या पाचपटीहून जास्त ऊर्जा लागते, आणि अशा खड्या चढावर चालणं हे धावण्यापेक्षा स्वस्त पडतं. डोंगरी शर्यती जिंकणारे लोकसुद्धा तळवे मांडीवर टेकवून, कमरेत वाकून, झपझप चालत चढतात. त्यात कमीपणा कसला?

खरी परीक्षा उतारावर असते, आणि तिच्याबद्दल नवख्यांना कुणी नीट सांगत नाही. उतरताना दम लागत नाही, म्हणून पाय मोकळे सुटतात. पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलत असतो. त्यात स्नायूचे बारीक तंतू फाटतात. ते लगेच कळत नाही. कळतं तीसाव्या किलोमीटरनंतर, जेव्हा साधा दगड ओलांडायला गुडघा उचलत नाही. आणि पुढचे दोन दिवस जिना उतरताना तर चांगलंच कळतं. यावर उपाय एकच, आधीच्या आठवड्यांत मुद्दाम उतारावर सराव करायचा. एकदा असा मार सोसला की पुढच्या वेळी तोच उतार स्नायूंना कमी दुखावतो. पुढचे काही आठवडे हे संरक्षण टिकतं. सरावाच्या ग्रुपमध्ये सगळे चढाचे फोटो टाकतात, मी मात्र नव्यांना उतार आधी शिकवा म्हणून मागे लागते.

आता सोबतच्या रनरबद्दल. हे सगळं लिहायला बसले ते त्यांच्यासाठीच.

मोठ्या शहरी मॅरेथॉनमध्ये हजारो लोक असतात आणि तरीही माणूस एकटा धावतो. पुढची पाठ, मागची पाठ, सगळ्या अनोळखी. कुणी कडेला बसला तर आपण नजर टाकतो आणि पुढे जातो, कारण दोनशे मीटरवर पाण्याचा स्टॉल आहे, तिथे डॉक्टर आहेत, रुग्णवाहिका आहे. तसं वागणं चूक नाही. तिथे खरंच कुणीतरी बघणारं असतं. डोंगरात दोन हायड्रेशन पॉइंटमध्ये सहा-सात किलोमीटर असू शकतात, त्यातला अर्धा भाग अशा धारेवर की जिथे मोटारसायकलही पोहोचत नाही. तिथे कडेला बसलेल्या माणसाला बघणारं कोण? मागून येणारा रनर. दुसरं कुणीच नाही.

एका उतारावर माझ्या पिंडरीत गोळा आला. पाय लाकडासारखा कडक, टेकवता येईना, उचलता येईना. मी कातळाला पाठ लावून बसले होते. मागून एक गृहस्थ आले, पन्नाशीचे असावेत, त्यांची स्वतःची लय मस्त लागलेली दिसत होती. थांबले. "ताई, पाय द्या इकडे." मी म्हटलं, "दादा, तुम्ही व्हा पुढे, तुमचा वेळ जातोय." त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. खाली गुडघ्यावर बसले, माझा बूट दोन्ही हातांत धरला, टाच तळहातात घेतली आणि चवडा हळूहळू माझ्या नडगीकडे दाबला. घाई नाही, झटका नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या मोज्यावर ठिबकत होता. स्नायू सैल पडल्याचं मला कळायच्या आधी त्यांच्या हाताला कळलं. "आता उठा, पण पहिली शंभर पावलं चालत," एवढं बोलून ते गेले. त्यांचं नाव मी नंतर निकालाच्या यादीत शोधलं. त्यांनी स्वतःच्या शर्यतीतली किती मिनिटं मला दिली, हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

याच्या उलट बोस्टन मॅरेथॉनची १९३६ सालची गोष्ट बघा. जॉनी केली यांनी शेवटच्या चढावर एलिसन ब्राउन यांना गाठलं आणि ओलांडताना पाठीवर थाप दिली. ब्राउन त्या थापेने पेटून उठले, पुन्हा पुढे गेले आणि जिंकले. त्या प्रसंगावरून चढाचं नाव 'हार्टब्रेक हिल' पडलं. चढाची उंची जेमतेम सत्तावीस मीटर! रस्त्यावरच्या शर्यतीत पाठीवरची थाप अशी चुरस पेटवते. त्यातही मजा आहे, मला ती आवडते. पण डोंगरात तीच थाप मिळाली की माणूस मागे वळून विचारतो, "पाणी आहे का तुमच्याकडे?"

आणि हे फक्त चांगुलपणावर सोडलेलं नाही. अनेक डोंगरी शर्यतींच्या नियमावलीत संकटातल्या रनरला मदत करणं बंधनकारक असतं, न थांबणाऱ्याला बाद करतात. शिट्टी, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, अंग गरम ठेवणारं चकचकीत ब्लँकेट, चार्ज केलेला फोन हे सामान तपासल्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं राहू देत नाहीत. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा, ही डोंगरातली मदतीची हाक. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळच्या सूचनांमध्ये हे सांगितलं जातं तेव्हा निम्मे लोक सेल्फी काढत असतात. मला त्याचा खरोखर राग येतो.

राग का येतो, ते सांगते. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. धावणारे १७२. दुपारी उंचावर हवामान फिरलं, गारा, बर्फाळ पाऊस, उभं राहू न देणारा वारा. बरेच जण पातळ टी-शर्ट आणि हाफ पँटमध्ये होते. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं. २१ रनरचा जीव गेला. त्यांत देशातले अव्वल ट्रेल रनरही होते. झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने गारठलेल्या रनरना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली, आणि सहा जण वाचले. ही बातमी वाचल्यापासून माझ्या पिशवीतून जॅकेट कधीच बाहेर राहिलेलं नाही, आकाश कितीही निरभ्र असो. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. घामाने भिजलेल्या अंगावर वारा आला की ते त्याहून कितीतरी जास्त जाणवतं.

कुणी म्हणेल, तिथेही शर्यत लहानच होती की. बरोबर आहे. लहान असणं पुरेसं नसतं, हेच त्यातून मला दिसतं. सक्तीचं सामान, हवामानाचा अंदाज बघून शर्यत थांबवण्याची तयारी, मधल्या टप्प्यावर पोहोचणारी माणसं, हे लागतंच. पण १७२ जणांना शोधणं इतकं अवघड गेलं, तिथे दोन हजार असते तर? कुणी युंगफ्राउ मॅरेथॉनचं उदाहरण देईल. स्वित्झर्लंडमधली ही शर्यत १९९३ पासून भरते, अठराशे मीटरहून जास्त चढ आहे आणि तिला हजारोंनी लोक येतात. पण तिथे वरपर्यंत रेल्वे जाते! थकलेल्याला गाडीत बसवून खाली आणता येतं. ज्या डोंगराला अशी सोय नाही, तिथे त्या शर्यतीचं अनुकरण करू नये.

मला आयोजक शत्रू वाटत नाहीत. परवानग्या, रुग्णवाहिका, पहाटे दोनला उठून झेंडे लावणारी पोरं, हा सगळा खर्च नोंदण्या वाढल्या की भागतो, हे मी जवळून बघितलंय. आणि नवीन माणसाला नोंदणी मिळत नाही याचं वाईटही वाटतं. पण एकेरी पायवाटेवर मर्यादेपेक्षा जास्त माणसं घातली की पहिल्याच चढावर रांग लागते. मागचे चिडतात, वाटेबाहेर पाय टाकून ओलांडतात, माती सुटते, झुडपं तुडवली जातात, आणि पुढच्या पावसात तीच वाट ओहोळ होते. उतारावर मागून सुटलेल्या दगडाची भीती वेगळीच. या सगळ्यापेक्षा मला जास्त टोचतं ते असं, की संख्या वाढली की थांबणं बंद होतं. प्रत्येकाला वाटतं, मागून बरेच येतायत, कुणीतरी बघेल. शंभर-दीडशे जणांत असं वाटायला जागाच नसते. सुरुवातीच्या अंधारात हेडलँपच्या उजेडात दिसलेले चेहरे पुढे दिवसभर भेटत राहतात. कधी ते पुढे, कधी आपण. कुठल्या वळणावर कोण लंगडत होतं हे पुढच्या पॉइंटवर सगळ्यांना माहीत असतं. "निळ्या टोपीतल्या काकी आल्या का?" असं स्वयंसेवकाला विचारणारे चार जण निघतात. ही नोंद कुठल्याच टायमिंग चिपमध्ये होत नाही, पण माणूस हरवला तर सगळ्यात आधी हीच कामी येते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पायवाट आणि बचावाची माणसं पेलतील तेवढेच बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, द्या, बाकीच्यांना पुढच्या वर्षी आधी संधी द्या. रस्त्यावरची मॅरेथॉन किंवा छोट्या टेकडीवरची हाफ पूर्ण केल्याचा पुरावा मागा. कट-ऑफ, म्हणजे पोहोचण्याची वेळमर्यादा, चढ मोजून ठरवा, सपाटीच्या वेगावरून नको. शेवटच्या रनरमागे दोन स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून सोबत चालणारे स्वयंसेवक, असूच देत, एकाला कुणासाठी थांबावं लागलं तरी दुसरा पुढच्या रनरसोबत राहील. निकालाच्या यादीत ज्यांनी दुसऱ्यासाठी थांबून मिनिटं घालवली, त्यांना ती परत करा. काही शर्यतींत थांबलेल्याचा वेळ वजा करण्याची मुभा असते आणि ती सगळीकडे असायला हवी.

आणि आपण रनर मंडळींनी एक करावं. ज्या वर्षी दुखापत असेल, सराव झाला नसेल किंवा नोंदणी हुकली असेल, त्या वर्षी घरी बसू नका. त्याच शर्यतीत स्वीपर म्हणून नाव द्या. डोंगर ओळखीचा असलेली, शेवटच्या माणसाच्या चालीने दिवसभर चालायची तयारी असलेली माणसं आयोजकांना मिळत नाहीत. जिथे मी धावते तिथे पुढच्या हंगामासाठी अशी नावं गोळा करायला घेतलीत. ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा.