चार तासांची पाळी म्हणे!

गोदामात माल उतरवायचं काम, पार्टटाइम म्हणे! सहा ते दहा. मग तुर्भ्याहून ठाण्याची लोकल पकडायला मला रोज सव्वाअकरा का वाजतात? साहेब म्हणतो, "अजून एकच मालाची गाडी आलीय रे, खाली करून जा." रोज एकच! तीस किलोचा खोका, वर वजनाची चिठ्ठी नाही, चिकटपट्टी सुटलेली आणि उचलणारा एकटा. दुसरा माणूस द्यायला काय जातं? खोका फुटला की पैसे आमच्या पगारातून. आमची कंबर गेली तर? काल पॅकिंगच्या पत्र्याने तळवा चिरला, प्रथमोपचाराच्या पेटीत नुसती कात्री! अण्णासाहेब पाटील हमालांसाठी लढले, १९६९ साली याच राज्यात माथाडी कायदा झाला. आणि आम्हाला हमाल न म्हणता 'असोसिएट' म्हटलं म्हणून वरचा तास फुकट? त्या तासाचे पैसे द्या.