एलएस इंजिनाचा चेंबर कापून बसवा म्हणणाऱ्यांना उत्तर

जुन्या शेव्हरोले गाड्यांत एलएस इंजिन, म्हणजे जनरल मोटर्सच्या (जीएम) नव्या व्ही-८ कुळातलं इंजिन, बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. आपल्यातले जे अमेरिकेत राहून एखादी जुनी कमारो किंवा शेव्हेल उभी करताहेत, त्यांच्याही कानावर तो आला असेल. सल्ला असा: “ऑइल पॅन म्हणजे तेल साठवायचं भांडं. सगळ्या एलएस इंजिनांचे पॅन एकमेकांना बसतात. ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन स्वस्तात मिळालंय ना, मग त्याच्यासोबत आलेलाच पॅन वापरा. खाली लोंबला तर कापून वेल्ड करा आणि सक्शनचा, म्हणजे तेल पंपाकडे ओढणारा, पाइप त्या मापाने वाकवा. नवा पॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.”

ऑइल पॅन, म्हणजे आपल्या गॅरेजवाल्यांचा चेंबर, हा इंजिन बदलताना सगळ्यात शेवटी आठवणारा भाग आहे. म्हणूनच हा सल्ला पटकन पटतो. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर अर्धवट आहे किंवा चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत चेंबर नव्हे, आतली बेअरिंगं आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) मोजतात. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

“तेल साठवायचं भांडं.” १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ बद्दल हे खरं होतं. तिचा चेंबर पत्र्याचा, दाबून काढलेला. ऑइल फिल्टर वेगळा, १९५६ पासून थेट ब्लॉकवर. त्या चेंबरला कापा, जोडा, ठोका, इंजिनाच्या मजबुतीला काही फरक पडत नव्हता. हा सल्ला त्या काळातून आला आहे, आणि तेव्हा तो ठीकच होता.

एलएस कुळातलं पहिलं इंजिन, ५.७ लिटरचं एलएस१, १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं आणि हे गणित बदललं. या इंजिनाच्या ब्लॉकच्या भिंती क्रँकच्या मध्यरेषेच्या बऱ्याच खाली उतरतात आणि ओतीव अॅल्युमिनियमचा जाड चेंबर त्या दोन भिंतींना खालून बांधतो. मागच्या बाजूला तो गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगलाही, म्हणजे पुढच्या घंटेसारख्या कवचालाही, बोल्टने जोडलेला असतो. ब्लॉक आणि गिअरबॉक्स यांच्यामधला सांधा ताठ ठेवण्याचं काम त्याच्याकडे आहे. शिवाय फिल्टर चेंबरवरच बसतो. पंपातून दाबाने निघालेलं तेल चेंबरच्या अंगातल्या मार्गाने फिल्टरकडे जातं, गाळून परत ब्लॉकमध्ये चढतं आणि तिथून बेअरिंगांपर्यंत पोचतं. फिल्टर तुंबला तर तेलाला वाट करून देणारी झडपही तिथेच असते. २००७ नंतरच्या अनेक ५.३ लिटर इंजिनांत, जिथे कमी भारावर चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आहे, तिथे जादा दाब सोडणारी आणखी एक झडप चेंबरमध्ये असते. ज्या वस्तूमधून इंजिनाचं सगळं तेल दाबाखाली जातं, तिला भांडं समजून कापायला घेणं धोक्याचं आहे.

“सगळे एकमेकांना बसतात.” बोल्टची भोकं जुळतात, इतपत हे बरोबर आहे, आणि तेही तिसऱ्या व चौथ्या पिढीपुरतं, म्हणजे एलएस कुळापुरतं. २०१४ च्या कॉर्व्हेटपासून आलेल्या पुढच्या पिढीच्या एलटी१ चा चेंबर वेगळा आहे. एलएस७ तर ड्राय संपवर चालतं, म्हणजे त्याचं तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत साठतं. त्याचा पंप दोन टप्प्यांचा आहे आणि त्यासाठी क्रँकचं पुढचं टोक लांब ठेवलं आहे, त्यामुळे तिथे नुसता चेंबर बदलून भागत नाही. पण भोकं जुळणं हा मुळात प्रश्नच नाही. चेंबर इंजिनाला बसतोच. तो गाडीला बसतो का, हे पाहायचं असतं.

गाडीत काय आडवं येतं? १९६७ ते ६९ ची कमारो घ्या. इंजिनाखाली क्रॉसमेंबर, म्हणजे चेसिसचा आडवा तुळईसारखा भाग, आहे आणि स्टीअरिंगची मधली लिंक त्याच्या मागून, म्हणजे चेंबरच्या पुढच्या भागाखालून जाते. १९७० पासूनच्या कमारोत ती लिंक पुढे गेली, म्हणून एकाच नावाच्या दोन गाड्यांना दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. ट्रकच्या चेंबरचा मागचा खोल भाग आठ इंचांच्या आसपास असतो. १९९८ ते २००२ च्या कमारो-फायरबर्डचा साडेपाच इंचांच्या आसपास, आणि इंजिन बदलणारे बहुतेक जण वर्षानुवर्षं तोच शोधत आले आहेत. सुरुवातीच्या कॉर्व्हेटचा चेंबर उंचीला कमी, पण दोन्ही बाजूंना पंखांसारखा पसरलेला, त्यामुळे जुन्या चेसिसमध्ये तो आडवा अडकतो. २००४ ते ०६ च्या पाँटिअॅक जीटीओचा खोल भाग तर पुढेच आहे. नंतरच्या काळात साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांसाठी खास आखलेले चेंबरही निघाले: जीएमनेच काढलेला मसल कार संच, होली या कंपनीचे संच. त्यांचा पुढचा भाग उथळ ठेवला आहे, कारण स्टीअरिंगच्या लिंकला जागा तिथेच लागते.

यावर कोणी म्हणतं, “इंजिन मागेपुढे सरकवलं की जागा होते.” हो, माउंटच्या, म्हणजे इंजिनाच्या आधारांच्या, पट्ट्या बदलून एखादा इंच सरकवता येतं. पण मागे सरकवलं की बेलहाउसिंग आणि सिलिंडर हेड फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) भिडायला लागतात, पुढे आणलं की चेंबरचा खोल भाग क्रॉसमेंबरवर चढतो. म्हणून क्रम उलटा हवा: आधी चेंबर ठरवा, मग माउंट. तपासताना स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून पाहायचं, कारण लिंक कमानीत फिरते आणि सरळ चाकांवर दिसणारी फट वळणावर उरेलच असं नाही. रबरी माउंटवर इंजिन जोर लागताच डोलतं, तेवढी जागाही सोडावी लागते.

आता सगळ्यात जास्त फिरणारं वाक्य: “कापून वेल्ड करा.”

पहिली अडचण धातूची. वर्षानुवर्षं गरम तेलात राहिलेलं ओतीव अॅल्युमिनियम आतपर्यंत तेल प्यायलेलं असतं. कितीही धुतलं तरी वेल्डिंगच्या उष्णतेने ते तेल वर येतं आणि जोडात बारीक छिद्रं राहतात. दुसरी अडचण आकाराची. उष्णतेने चेंबर मुडपतो, आणि त्याची वरची कड ब्लॉकला सपाट बसणं तर अत्यावश्यक आहे. मागची बाजूही ब्लॉकच्या मागच्या पृष्ठभागाशी सरळपट्टी ठेवून जुळवायची असते. ती केसभर बाहेर आली तरी बेलहाउसिंगचे बोल्ट आवळताना चेंबरवर ताण येतो आणि तो तडकू शकतो. चांगला वेल्डर हे सगळं सांभाळू शकतो, यात शंका नाही. पण तो हे काम फुकटात करून देत नाही, आणि सल्ला तर पैसे वाचवायचा होता.

तिसरी अडचण तेलाची, आणि मला ती सगळ्यात गंभीर वाटते. साधा हिशोब करू. खोल भागाचा तळ १० इंच लांब आणि ८ इंच रुंद धरला, तर प्रत्येक इंच उंचीत ८० घन इंच, म्हणजे सुमारे १.३ लिटर तेल मावतं. ट्रकच्या चेंबरमधून अडीच इंच कापले की सव्वातीन लिटरची जागा गेली. ट्रकच्या इंजिनात फिल्टर धरून ६ क्वार्ट, म्हणजे ५.७ लिटर तेल असतं. उरलं अडीच लिटरच्या आत. त्यातलं बरंचसं इंजिन जोरात फिरत असताना वर हेडमध्ये, भिंतींवर, खाली यायच्या वाटेवर असतं. अशा वेळी लांब वळण आलं किंवा जोरात ब्रेक लागला, की उरलेलं तेल एका कडेला जातं आणि सक्शनच्या तोंडाशी हवा येते. ज्यांना हे कळतं ते कापलेल्या चेंबरला बाजूने कप्पे वाढवतात, आत आडव्या पट्ट्या घालतात. ते चांगलं काम आहे, पण हातोहात फिरणाऱ्या सल्ल्यात त्याचा उल्लेखही नसतो.

“सक्शनचा पाइप वाकवा.” हे वाक्य ऐकलं की मला खरोखर काळजी वाटते. एलएसचा तेलपंप पुढे, क्रँकच्या टोकावर असतो आणि खोल भाग मागे. त्यामुळे पाइप लांब, आणि पंपाशी तो एका बोल्टवर आणि एका ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, टेकलेला. पाइप वाकवला की त्याचं तोंड पंपात तिरकं बसतं आणि ओ-रिंग एका बाजूने दबते. ही सक्शनची बाजू असल्यामुळे तिथे फट पडली तरी तेल गळत नाही, हवा आत ओढली जाते. बाहेर एक थेंब दिसत नाही, आणि दाबाचा काटा मात्र लटपटतो. अशा वेळी लोक पंप बदलतात, सेन्सर बदलतात, जाडं तेल घालतात. चुकीच्या मापाची किंवा चिमटलेली जुनी ओ-रिंगही हेच करते, म्हणून ती नेहमी नवी आणि त्या पाइपच्या मापाचीच घ्यावी.

जाळीचं तोंड आणि चेंबरचा तळ यांच्यातलं अंतरही नशिबावर सोडायचं नसतं. साधारण ६ ते १० मिलिमीटर ठेवतात. फार जवळ आलं तर तेलाची वाट अडते, फार दूर गेलं तर तेल हलताच जाळी उघडी पडते. मोजायला मुलांची खेळायची चिकणमाती पुरते: जाळीवर गोळा ठेवा, गॅस्केट घालून चेंबर बसवा, दोन-चार बोल्ट हलके आवळा, काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. चेंबर बदलला की सक्शन पाइप, क्रँकखालची विंडेज ट्रे (फिरत्या क्रँकपासून तेल दूर ठेवणारी थाळी), डिपस्टिक म्हणजे तेल मोजायची काठी आणि तिची नळी त्याच चेंबरच्या संचातली हवी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, वाढवलेला क्रँक असेल तर आणखी काळजी घ्या. एलएस१ चा स्ट्रोक ३.६२२ इंच आहे, चार इंच स्ट्रोकचा क्रँक ट्रे आणि चेंबरचा उथळ भाग दोन्हींवर आपटू शकतो. हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून पाहिल्याशिवाय चेंबर बंद करू नका.

कोणी विचारतं, “थोडा खाली लोंबला तर काय होतं?” पत्र्याचा चेंबर आपटला तर त्याला पोचा पडतो. ओतीव अॅल्युमिनियम तडकतं, आणि तेल काही क्षणांत रस्त्यावर जातं. चेंबरचा तळ क्रॉसमेंबरच्या खाली येता कामा नये. गाडी खाली बसवायची असेल तर हे दुप्पट लागू.

डिपस्टिकबद्दल एवढंच: जुळणारी मिळालीच नाही तर मोजून तेल ओता, इंजिन गाडीत ज्या कोनात बसणार त्या कोनात ठेवा आणि काठीवर स्वतः नवी खूण करा. दुसऱ्या चेंबरची काठी खोटं सांगते.

राहिला पैशाचा मुद्दा. हा सल्ला देणाऱ्यांची एक गोष्ट मला मान्य आहे: नवा चेंबर सगळ्यांनाच लागत नाही. १९७३ ते ८७ च्या सी-१० पिकअपमध्ये ट्रकचं एलएस बसवत असाल आणि गाडी मूळ उंचीवर ठेवणार असाल, तर इंजिनासोबतचा चेंबर बहुधा जसाच्या तसा चालतो. तिथे तो ठेवा, कापू नका. नवी ओ-रिंग, नवं गॅस्केट, जिथे पुढचं आणि मागचं कव्हर ब्लॉकला मिळतं त्या चार कोपऱ्यांत सीलंट, मोठे बोल्ट २५ न्यूटन-मीटरवर आणि मागचे बारीक १२ वर. इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी तेलाचा दाब वर येतो का, ते स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून, नुसत्या स्टार्टरवर पाहून घ्या.