आवाज बेअरिंगचा नाही, रॉकरचा आहे. आणि त्यात आमचीही चूक आहे

नमस्कार. तुमच्या जुन्या एमजीबी ह्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन आमच्या गॅरेजने नव्याने बांधून दिलं. त्यावर एक तारा दिलात, रागाने लिहिलंत, तरी मुद्दे मोजकेच ठेवलेत. तुमची तक्रार अशी: तीन महिन्यांचं काम पाच महिने चाललं, तिसऱ्याच दिवशी खंबाटकीत टकटक सुरू झाली, फोन केला तर ‘जुनी गाडी आहे, असा आवाज येतोच’ म्हणून उडवून लावलं, दोन तास स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसले आणि शेवटी आणखी पैसे मागितले. दुसऱ्या मेकॅनिकने बिगएंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं) गेलंय असं सांगितलं, इंजिन पुन्हा खोलावं लागणार.

फोनवरचं वाक्य आमच्या मुलाने म्हटलं, हे खरं आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनाला ‘असा आवाज येतोच’ हे उत्तर नसतं. त्याबद्दल माफी मागतो. उशीर झाला तो पिस्टनमुळे. इंग्लंडहून आलेला पहिला संच चुकीच्या ओव्हरसाइजचा, म्हणजे वाढीव मापाचा, निघाला आणि तो बदलून मिळेपर्यंत ब्लॉक नुसता झाकून ठेवला होता. हे तुम्हाला वेळेवर कळवायला हवं होतं, तेही राहिलं.

आता आवाजाबद्दल. तुमची १९६७ची एमजीबी म्हणजे १७९८ सीसीचं, पाच मेन बेअरिंगचं बी-सिरीज इंजिन. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा हा थोरला भाऊ, त्यामुळे ह्या घराण्याचे आवाज आमच्या कानाला नवे नाहीत. पण नुसत्या कानावर विसंबून आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही घाईत होतात म्हणून त्या संध्याकाळी काय काय पाहिलं ते नीट सांगणं झालं नाही. ते इथे सांगतो.

बिगएंड गेलं असेल तर ठोका जड येतो आणि लोड पडला की वाढतो. त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली की तो बहुतेक मवाळ होतो. आम्ही चारही वायरी एकेक करून काढल्या. इंजिन लंगडलं, टकटक मात्र होती तशीच राहिली. तेलाचा दाब इंजिन गरम असताना ३००० आरपीएमला ५५ आणि आयडलला २० पाउंड होता, म्हणजे निरोगी. फिल्टरचं एलिमेंट कापून घड्या उलगडून पाहिल्या, चमकणारा कणसुद्धा नव्हता. (काही जण त्यावर नुसतं चुंबक फिरवतात. बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, म्हणून डोळ्यांनीच पाहावं लागतं.) मॅनिफोल्ड गॅस्केट फुंकत असेल तर अगदी टॅपेटसारखाच टिकटिक आवाज येतो, तेही तपासलं. गळती नव्हती. टायमिंग चेनचा टेन्शनर बसवताना सोडायचा राहिला की पुढून खडखड येते, पण तुमचा आवाज पुढून येतच नव्हता.

स्क्रूड्रायव्हर फिरवत गेलो तसा आवाज रॉकर कव्हरच्या मधोमध भरला. रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे छोटे दांडे. कव्हर काढून, इंजिन आयडलला ठेवून एकेका रॉकरखाली फिलर गेजची (फट मोजायची) पाती सरकवली. पाचव्या व्हॉल्व्हला पाती गेली आणि टकटक थांबली. पाती काढली की पुन्हा सुरू. हे तुम्हीही पाहिलंत.

मग तुमचा प्रश्न रास्त होता: टॅपेटची फट १५ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सेट केली म्हणता, तर आवाज कसा? तर त्या रॉकरच्या तोंडावर व्हॉल्व्हच्या टोकाने इतक्या वर्षांत खळगा पाडलाय. फिलर गेजची सपाट पाती त्या खळग्यावर पुलासारखी बसते आणि १५ दाखवते. डायल गेज लावला तेव्हा खरी फट २३ निघाली. शिवाय रॉकर ज्यावर डोलतात तो शाफ्टही खालच्या बाजूने झिजलाय.

आणि इथे चूक आमची आहे. खर्च वाढत होता म्हणून शाफ्ट आणि आठही रॉकर जुनेच ठेवायचं आपण दोघांनी ठरवलं होतं. अंदाजपत्रकात ‘रॉकर शाफ्ट: पुढच्या वेळी’ एवढी एकच ओळ आहे. पण त्याचा परिणाम काय होणार हे मी बोललो नाही. पूर्वी पिस्टन बोअरमध्ये आपटत होते, त्या गोंगाटात वरची टकटक दबलेली होती. बोअर नवे झाले, खालचं सगळं शांत झालं, आणि वरचा आवाज उघडा पडला. इतकी वर्षं ह्या धंद्यात आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं.

जादा पैशांचं सांगतो. शाफ्ट काढणं वरवर पाहता अर्ध्या तासाचं काम वाटतं. पण ह्या इंजिनात रॉकरचे काही नट हेडचेही नट असतात. कूलंट काढून, हेडचे सगळे नट क्रमाने सैल करूनच शाफ्ट उचलावा लागतो, नाहीतर हेड वाकतं. नंतर पुन्हा ४५ ते ५० फूट-पाउंडला आवळणी आणि आठही टॅपेट नव्याने सेट करणं आलं. ही मजुरी मी घेणार नाही. शाफ्ट आणि रॉकर मला ज्या बिलाने मिळतील त्याच बिलाने तुम्हाला देईन. तरीही बेअरिंगची शंका असेल तर संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून बिगएंडच्या कॅप तुमच्या आणि तुमच्या मेकॅनिकच्या समोर उघडू.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. त्या दुसऱ्या मेकॅनिककडे ‘गाडी हलकी पळावी’ म्हणून पातळ सिंथेटिक तेल भरल्याचं तुम्ही लिहिलंय. ते आजच काढून टाका. आम्ही २०डब्ल्यू-५० भरलं होतं. तुमच्या इंजिनात कॅमशाफ्ट आणि टॅपेट कोरे आहेत. ते एकमेकांवर घासत चालतात, त्यांना तेलातलं झिंक-फॉस्फरस लागतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजकालच्या बऱ्याच तेलांतून ते कमी केलंय. ह्यातून कॅम खरवडला गेला तर मग खरंच इंजिन खोलावं लागेल.

गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, टॅपेट पूर्ण गार इंजिनावर सेट करायचे असतात. तोपर्यंत आवाज बंद व्हावा म्हणून कुणालाही टॅपेट आवळू देऊ नका. टकटक थांबेल, पण व्हॉल्व्ह जळेल.