फुकट मिळते म्हणून शंका

लस नको म्हणणारे आईबाप म्हणजे अडाणी, हे ऐकून ऐकून कान किटलेत. मी प्राथमिक शाळेत शिकवते. या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे.

2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरू लागले की ही सुई घेतली तर मुलं पुढे बाप होत नाहीत. लसीकरणाच्या दिवशी माझा निम्मा वर्ग गैरहजर. काही बाप तर पोरांना परत न्यायला फाटकावर आले. त्यातले एक गवंडीकाम करणारे. त्यांनी मला विचारलं, "बाई, दवाखान्यात सलाईन लावायच्या आधी पैसे मागतात. नळाला पाणी येत नाही, त्याचं कोणाला काही नाही. आणि ही सुई सरकार शाळेत आणून फुकट देतंय, नाही म्हटलं तर घरी येतंय. का?"

सांगा, यात अडाणीपणा कुठे आहे? ज्याच्या दारात सरकार एरवी फिरकत नाही, तो अशा वेळी बिचकणारच. मी म्हटलं, यात सरकारचाही स्वार्थ आहे. गोवर इतका पसरतो की शंभरातल्या पंच्याण्णव मुलांनी लस घेतली तरच साथ आटोक्यात राहते. शेजारच्या नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस एरवी देत नाहीत, ते तुमच्या पोरामुळे वाचतं. मग त्यांनी विचारलं, लस कुठल्या देशातून आली? म्हटलं, पुण्यात बनते. हसले. त्या दिवशी मुलाला घेऊनच गेले, पण पुढच्या फेरीत पोरगा रांगेत होता आणि शाई लावलेला अंगठा सगळ्यांना दाखवत होता.

आता आमची सोसायटी बघा. इथेही फुकटाचा संशय आहेच, फक्त इंग्रजीतून. बाळाच्या डांग्या खोकल्याच्या लशीचा सरकारी डोस म्हणजे हलक्या प्रतीचा, त्याने ताप येतो, म्हणून हजारो रुपये मोजून 'पेनलेस' घ्यायची. दुखणाऱ्या लशीत डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, म्हणून ताप जास्त येतो. न दुखणारीत त्याचे निवडक अंश असतात. पण संरक्षण जास्त काळ टिकतं ते दुखणारीचंच. बरं, पेनलेस का होईना, घेतात तरी. काही जण 'नैसर्गिक प्रतिकारशक्ती'च्या नावाखाली तीही टाळतात, आणि त्यांना अडाणी म्हणायची कोणाची छाती होत नाही.

तापाचं आधी नीट सांगितलं तर निम्मा घोळ मिटेल. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या लशीचा, डोस देऊन आणतात, रात्री अंग तापतं, मांडी सुजते, बाळ किंचाळतं. आधी कोणी सांगितलेलं नसेल तर सासू म्हणणारच, चांगलं पोर आजारी पाडून आणलंस. मग अडीच महिन्यांचा डोस बुडतो. आमच्या भागातली सिस्टर प्रत्येक आईला थांबवून सांगते: आज ताप येईल, ही पॅरासिटामॉल एवढीच द्यायची, सुई दिली तिथे चोळायचं नाही, कार्ड जपून ठेवायचं. गर्दीच्या दिवशी मात्र तिलाही एवढा वेळ मिळत नाही.

आणि यंत्रणेच्या चुका लोक विसरत नाहीत. 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओ डोसऐवजी 12 बालकांना सॅनिटायझर पाजलं गेलं. त्यानंतर एखाद्या आईने "बाटली दाखवा" म्हटलं तर तिच्यावर डाफरू नका, दाखवा.

2022 च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली, तेव्हापासून एक मागणी अधूनमधून कानावर येते: लसीकरणाचं कार्ड नसेल तर शाळेत प्रवेशच देऊ नका. माझा याला ठाम विरोध आहे. दहाव्या वर्षाचा धनुर्वात-घटसर्पाचा डोस द्यायला पथक आमच्याच वर्गात येतं. ज्याचं कार्ड नाही, त्याला फाटकावरूनच परत पाठवलं तर पथकाला तो सापडणार कुठे?